माझा चार, तुमचा आठ

उद्यमनगर, कोल्हापूर
सोमवार, गल्लीची सुट्टी

प्रिय नागाप्पा,

आणि फोन कशाला बंद ठेवायचा म्हणते मी माणसानं? माझ्यावरचा राग त्या बिचाऱ्या फोनवर काढून काय मिळालं तुम्हाला? चार महिने झाले. लावला की एक बाई गोड आवाजात कानडीत काहीतरी सांगते, मग दुसरी तेच इंग्रजीत सांगते, आणि मी दोन्ही बायांना मराठीत उत्तर देऊन ठेवून देते. मिरचीचा टेम्पोवाला ज्ञानू दर आठवड्याला संकेश्वरला येतो, त्याला तुम्ही बरे भेटता. चहा पाजता. वर विचारता, "कोल्हापूर काय म्हणतंय?" कोल्हापूर काय म्हणणार! कोल्हापूर म्हणतंय, दिवाळीची करंजी तोंडात असताना लेथवर ताडपत्री टाकून कुणाला न सांगता गेलेल्या माणसानं टेम्पोवाल्याच्या हाती असले निरोप धाडू नयेत. विचारायचं असेल तर येऊन विचारावं. वाट काय विसरलाय?

प्रिय लिहिलंय त्याचा अर्थ काढत बसू नका. पत्राची रीत आहे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यातलं पत्रलेखन तेवढं ध्यानात राहिलं, बाकी सगळं चुलीत गेलं.

तुम्हाला हे वाचता येणार नाही हेही मला ठाऊक आहे. तुमची शाळा कानडी. ज्ञानू म्हणाला, तुमच्या पुतण्याची, वीरेशची बायको विद्याश्री गडहिंग्लजची आहे, मराठी शाळेत शिकलेली, ती वाचून दाखवेल. तर विद्याश्री, पोरी, जरा मोठ्यानं वाच. सव्वीस वर्षं लेथपाशी उभं राहून तुझ्या चुलत सासऱ्याचा डावा कान गेलाय, उजवीकडं बस. आणि शिवी आली तर गाळू नको. शिव्या गाळल्यास तर हे पत्र माझं आहे यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. आमची अनुजा म्हणत होती, "आई, तू सांग, मी मोबाइलवर लिहिते." मी नको म्हटलं. पोटच्या पोरीच्या तोंडासमोर काही गोष्टी बोलता येत नाहीत. परक्याच्या सुनेसमोर येतात, बघ कसं असतं ते.

आधी कामाचं सांगते. मालक उदयसिंहांनी तुमचं शेड पाडव्यापासून एका पार्सलवाल्याला द्यायचं ठरवलंय. गोडाऊन करणार म्हणे. खोकी येणार, खोकी जाणार, शटर वर, शटर खाली. मी जाऊन भांडले. म्हटलं, नागाप्पा परत येणार आहेत. ते म्हणाले, कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी सांगतेय. माझ्या तोंडाला घाबरून का काय, त्यांनी शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. शनिवारी तुमचा होकार आला नाही तर लेथ बाहेर काढून तुमच्या गावाला पाठवून देणार. तुमच्या गावात लेथवर काय ऊस सोलणार आहात?

आज सोमवार, म्हणून लिहायला बसले. सगळी गल्ली बंद आहे. दुपारचं ऊन पत्र्यावर पडून पत्रा मधेच तड्कन वाजतो, तेवढाच आवाज. गणपतरावांच्या वेल्डिंगच्या दारात कुत्रं झोपलंय, त्याच्या अंगावर कालचा लोखंडाचा कीस चिकटलाय, ते श्वास घेतं तसा तो चमकतो. माझ्या शेडात संकेश्वरी मिरचीची पोती. तुमच्या गावाकडची माती तिच्या देठाला अजून लागलेली आहे. अशा वेळी मला एक खुळ लागलंय, तुम्हाला हसू येईल. आपल्या मधल्या भिंतीला मी फळी ठोकून चटणीच्या बरण्या मांडल्या आहेत ना, तुमचं लेथ चाललं की त्या बारीक किणकिणायच्या. मी कधी बोलले नाही, पण त्या किणकिणीवरून मला कळायचं तुमच्याकडं आज काय चाललंय. पितळ असलं की बारीक, झोपाळू आवाज, जसं लांबवर कुणी पैंजण घालून चाललंय. बीडाचं ओतीव लोखंड असलं की जाड, खाकरल्यासारखा. आणि तुम्ही चहाला थांबलात की बरण्या थांबायच्या, मग मीही मिरच्या निवडायची थांबायची. हे असं किती वर्षं चाललं होतं ते बरण्या गप्प झाल्यावर कळलं. परवा मी एका बरणीला टिचकी मारून बघत होते तर माझ्याकडं कामाला येणारी आक्का म्हणाली, "काकू, फुटलीया काय बरणी?" म्हटलं, न्हाय गं बाई, तू देठं काढ.

विद्याश्रीला काही कळायचं नाही म्हणून सांगते. माझं नाव धोंडुबाई. माझ्याआधी तीन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं धोंडा नाव ठेवलं, आणि धोंड्यासारखीच राहिले मी. कांदा-लसूण चटणी करते. नवरा गेल्यावर त्याच्या ड्रिलिंगच्या शेडात मी मिरच्या टाकल्या तेव्हा गल्लीतले सगळे शिंकत शिंकत हसले होते. लोखंडाच्या गल्लीत चटणी! सगळे मला चटणीकाकू म्हणतात. तुझे सासरे एकटेच पुरतं नाव घेतात. भिंतीच्या पलीकडं त्यांचं लोखंड कातायचं लेथ, अलीकडं माझी चटणी. मधे काय आहे ते भिंतीला माहीत.

चटणीत सगळ्यात वाईट काम लसूण सोलायचं. बायकांची बोटं भाजतात, रात्री पोराच्या तोंडावरनं हात फिरवला तर पोर रडतं. मशीन बाजारात मिळतात, मोठी, वाऱ्यानं सोलणारी, माझ्या शेडात मावत नाहीत अशी. म्हणून मला वाटलं आपणच करावं. माझ्याकडं काय होतं? दहा भाजलेली बोटं आणि तोंड. पण या गल्लीत तेवढं पुरतं. डेअरीनं टाकून दिलेला दुधाचा मोठा कॅन आणला. चप्पल लाइनीतल्या बाळासोंनी त्याला आतून रबर डकवून दिलं, तेही खवल्यांचं, चपलेच्या तळाला लावतात तसलं. म्हणाले, "काकू, लसणीला चप्पल घालताय व्हय?" गणपतरावांनी बैठक जोडून दिली, त्यांचा चहा निवायच्या आत. मोटर गिरणीवाल्याकडची. मी कुणाकडं कागद घेऊन गेले नाही, साहेबाला भेटायचंय म्हणून बाकावर बसले नाही. चपला न काढता प्रत्येकाच्या दारात गेले. जसं गल्लीतलं पोर कुणाच्याही कडेवर वाढतं, तसं ते मशीन या दारातून त्या दारात जाताना रोज थोडं थोडं मोठं होत होतं. सकाळी येऊन बघावं तर रात्रीतनं कुणीतरी त्याला पाय लावून गेलेलं असायचं. मला ते दिवस आठवले की अजून अंगावर ऊन पडल्यासारखं वाटतं.

शेवटी मधला फिरणारा रूळ राहिला. तो तुमचा. मी चटणीच्या पिशवीच्या पाठीवर लिहून दिलं, रूळ आणि डबा यांच्यामधे फट ४ सूत. इंचाची आठ सुतं, म्हणजे अर्धा इंच. माझा हिशेब असा की पाकळी त्या फटीत अडकावी, रबरानं घासावी आणि साल सोडावी. तुम्ही रूळ कातून आणलात, गणपतरावांनी बसवला, आणि मी बघते तर फट ही एवढी! आख्खा अंगठा आडवा जातोय. पुढं मी काय बोलले ते विद्याश्रीला तुम्ही सांगितलं नसणार, म्हणून मीच सांगते. सगळी गल्ली बाहेर आली होती. मी म्हटलं, "डोळं हायत का शर्टाची बटणं? सव्वीस वर्षं पंचगंगेचं पाणी पितोस आणि तुला मराठी चार वळखंना? शाळेत गेलतास का म्हशी राखायला गेलतास? कानडी टाळकं ते!" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला अरे-तुरे केलं, तेही चारचौघांत. तुम्ही एवढंच म्हणालात, "धोंडुबाई, आठ लिहिलंय." मी चिठ्ठी न बघताच चुरगाळून फेकली. तुम्ही हात पुसलात. एकेक बोट पुसलंत. मला वाटलं तुम्ही उलटून बोलाल, मग मी बोलेन, मग तासाभरानं भिंतीवर ठोकून चहा. आपली रीतच ती, दोनदा ठोकलं की चहा, तीनदा ठोकलं की कामाचं, लवकर या. पण तुम्ही ठोकलं नाही.

ती चिठ्ठी नंतर आक्काला झाडताना सापडली. उघडून बघितली. माझा चार वरनं मिटलाय. घाईत लिहिला, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली, आणि त्याचा सरळ सरळ इंग्रजी आठ झाला. तुमच्या कामात सगळे आकडे इंग्रजीच असतात, तुम्ही इंग्रजी वाचलात. या गल्लीत मराठी आकडा लिहिणारी मी एकटी आणि तो न वाचणारे तुम्ही एकटे, आणि आपण दोघं एका भिंतीला टेकलेले. असली चूक करायला सुद्धा शहरच लागतं. तुमच्या गावात सगळ्यांनी तो कानडीत बरोबर लिहिला असता, माझ्या माहेरी सगळ्यांनी मराठीत बरोबर वाचला असता.

आणि गणपतरावांनी मला काय सांगितलं माहीत आहे? तुम्हाला शंका आली होती. आठ सूत म्हणजे इंचच झाला, मग बाईंनी सरळ इंच का लिहिला नाही, असं विचारायला तुम्ही माझ्या दारापर्यंत आला होतात. आणि परत गेलात. कारण त्याआधी एकदा विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, "लिव्हलंय तेवढं करा, डोकं चालवू नका." हे ऐकल्यावर मी दिवसभर कुणाला एक शिवी दिली नाही. आक्काला वाटलं मला ताप आलाय.

आता पुढचं ऐका. तुम्ही गेलात त्याच दिवशीची गोष्ट, तुम्ही गेलात हे मला माहीत नव्हतं. रूळ काढून टाका म्हणून मी गणपतरावांच्या मागे लागले होते, ते म्हणाले सणाची गर्दी हाय, चार दिवस थांबा. मी रागानं मूठभर लसूण टाकून मशीन फिरवलं होतं, पाकळ्या नुसत्या गडगडल्या, एकीचंही साल निघालं नाही. मग लाइट गेली आणि मी जेवायला बसले. इकडं आक्कानं काय करावं? उंदीर लागायलेत म्हणून सुट्ट्या केलेल्या पाकळ्यांचं अख्खं पोतं त्या कॅनमधे ओतलं, गच्च, गळ्यापर्यंत, आणि वर झाकण दाबलं. बटण चालूच राहिलेलं. लाइट आली. मशीन घुमायला लागलं, मी हातातला घास टाकून शिव्या देत पळाले. बंद करेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. आता आत चटणी झाली असणार म्हणून झाकण काढलं.

नागाप्पा, आतनं सालं वर आली. पापुद्रे, पांढरे, जांभळट, इतके हलके की त्यांना वर जायला वाऱ्याची गरज पडली नाही. पत्र्याला जे भोक आहे तिथनं उन्हाचा एक खांब आत उतरतो तुम्हाला माहीत आहे, त्या खांबातनं ते फिरत फिरत वर चालले. आम्ही दोघी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आक्का म्हणाली, "मी वतलो की त्यात, मला काय म्हायत!" आणि खाली पाकळ्या, सगळ्या नागड्या, मोत्यासारख्या, एक ठेचलेली नाही. मी हात घालून ढवळलं तेव्हा कळलं काय झालंय ते. रबरानं सोललंच नव्हतं. लसणीनंच लसूण सोलली होती. अर्धा इंच फट असती तर दाटीत सगळ्याचा लगदा झाला असता. फट मोठी म्हणून त्यांना हलायला जागा होती, आणि कॅन गच्च म्हणून एकमेकींना घासल्याशिवाय हलता येत नव्हतं. एकटी पाकळी टाका, दिवसभर फिरवा, ती तशीच राहते, आपल्या सालीत सुखी.

मी लाटणं घेतलं आणि भिंतीवर तीनदा ठोकलं. बरण्या हलल्या. पुन्हा तीनदा. पलीकडनं काही नाही. मग गणपतराव दारात येऊन म्हणाले, "काकू, ते सकाळच्या पैल्या गाडीनं गेलं की गावाकडं." तेव्हा पापुद्रे अजून खाली यायचे होते.

त्यानंतर मी गप्प बसले नाही, गप्प बसणं मला येत नाही. माझा भाऊ मलकापूरला असतो, तो म्हणाला, "तायडे, तिथं काय धुरात मरतीस, माझ्या मळ्यात पत्र्याचं शेड हाय, मशीन घिऊन ये." गेले. आठ दिवस राहिले. सकाळी धुकं एवढं उतरायचं की समोरचा फणस दिसायचा नाही, मग एकेक फांदी करत तो परत यायचा. पाणी गोड, हवा गोड, भावजयसुद्धा त्या आठ दिवसांत गोड. तिसऱ्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला. गल्लीत असते तर चहा उकळेपर्यंत कुणीतरी नवा टाकून गेलं असतं आणि जाता जाता दोन टोमणे मारून गेलं असतं. तिथं भाऊ फोन करत बसला, पट्टा दोन दिवसांनी एसटीनं आला, तो वेगळ्याच मापाचा. मी बांधावर बसून राहिले. इतकं शांत की माझ्या डोक्यातलं मलाच ऐकू यायला लागलं, आणि ते काही ऐकण्यासारखं नव्हतं. मलकापुरात सगळं आहे नागाप्पा, पण माझं काम बघून नाक मुरडणारं माणूस नाही. चुकणारं माणूस नाही. मी म्हणेन त्याला सगळे मान डोलावतात, आणि मान डोलावून मशीन सुधारत नाही.

मग शिरोली एमआयडीसीत गेले, दुसऱ्या मशीनचा रूळ करून घ्यायला. मोठा कारखाना. चांगली माणसं, खोटं बोलणार नाही, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, मावशी, ड्रॉइंग द्या, शंभर नग एकसारखे देतो, केसाचा फरक पडणार नाही. मी विचारलं, आणि चुकला तर? तो पोरगा हसला. म्हणाला, चुकलेला आम्ही भंगारात टाकतो. बरोबर आहे त्याचं, तशीच मोठी कामं होतात. पण मला वाटलं, आपल्या गल्लीत चुकलेला नग भंगारात जात नाही. तो कुणाच्या तरी दाराशी चार दिवस पडून राहतो, त्याच्यावर कुत्रं झोपतं, कुणीतरी त्यावर पाय ठेवून चहा पितं, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "हे काय हाय गा? मला दे की." हे शिरोलीत कुठून आणायचं?

अनुजानं महिलांच्या प्रदर्शनात मशीन ठेवायला लावलं. तिथं एका कॉलेजातले सर आले होते. ते म्हणाले, असे वेगवेगळे कारागीर जवळजवळ असले की नव्या कल्पना निघतात, त्याला क्लस्टर म्हणतात. मी म्हटलं, आम्ही त्याला गल्ली म्हणतो. सगळे हसले. पेपरात माझा फोटोही आला, नवी साडी नेसलेली. कात्रण तुम्हाला पाठवत नाही. का पाठवत नाही ते पुढं लिहीन, लिहायला जमलं तर.

परवा दुपारी मिरचीच्या पोत्याला टेकले आणि डोळा लागला. स्वप्न पडलं ते सांगते, अर्थ विचारू नका. आपलं सगळं कोल्हापूरच गोल गोल फिरत होतं, सावकाश, जसे जत्रेतले पाळणे सुरू होताना फिरतात तसं. गंगावेशीत धार काढायला उभ्या केलेल्या म्हशी, भट्टीतल्या ठिणग्या, गुजरीतले सोनार भिंग लावून, तालमीतली लाल मातीतली पोरं, देवीच्या दारातल्या वेणीवाल्या, रिक्षावाले, तुमच्याकडचे मिरचीवाले, सगळे एकमेकांना खेटत, "सरक की बाजूला" म्हणत, शिव्या देत फिरत होते आणि कुणी पडत नव्हतं. आणि प्रत्येकाच्या अंगावरनं काहीतरी पातळ, पांढरं सुटून वर चाललं होतं, रंकाळ्यावरनं सकाळी वाफ जाते तसं. मी माझ्या अंगाकडं बघितलं. माझं साल तसंच होतं, घट्ट. मी शोधत होते, माझ्या शेजारी कोण असायला पाहिजे होतं, माझ्या शेजारची जागा रिकामी का आहे. जाग आली तेव्हा समोर उदयसिंह उभे, हातात टेप, तुमच्या शेडाचं माप घ्यायला आलेले.

अर्धी गल्ली आधीच गेली. कोण शिरोलीला, कोण गोकुळ शिरगावला, कुणाची पोरं पुण्याला. कोपऱ्यावरच्या गिअरवाल्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी त्यांना वाईट म्हणत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण गोडाऊनशी भांडता येत नाही हो. खोक्याला चिठ्ठी देता येत नाही, आणि खोकं चिठ्ठी चुकीची वाचत नाही. एक रिकामी जागा झाली की तिच्या बाजूचे सैल पडतात. आत्ताच गणपतराव म्हणायलेत, नागाप्पा न्हाय तर रूळ कातायला कुठं जायचं, मीबी बघतो शिरोलीकडं. ते गेले की चप्पल लाइनीतले बाळासो माझ्याकडं कशाला येतील? मग उरले मी आणि आक्का, आणि वाजत नसलेल्या बरण्या.

आता ते लिहिते जे लिहायला तीन सोमवार गेले. विद्याश्री, थांबू नको, वाच. प्रदर्शनात त्या सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, फट बरोबर एक इंच ठेवायची, हे तुम्हाला कसं सुचलं?" समोर माईक होता, अनुजा फोटो काढत होती, आणि मी म्हटलं, "डोकं चालवलं." एवढंच. तुमचं नाव घेतलं नाही. चिठ्ठीचं सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. ज्या माणसाला मी डोकं चालवू नका म्हटलं, त्याच्या हातनं घडलेलं मी माझ्या डोक्याच्या नावावर लावलं. आता अनुजानं मशीन नोंदवायचा अर्ज भरलाय, त्यात शोध लावणाऱ्याचं नाव विचारलंय, आणि माझी सही होत नाही. पेन टेकवते आणि उचलते. अनुजा म्हणते दोन नावं चालतात. तेव्हा तुमचं पुरतं नाव, वडिलांचं नाव आणि सही पाहिजे, कानडीत केली तरी चालेल. ही पहिली गोष्ट. दुसरी, मी चुकले. चारात नाही, माणसात. तुम्हाला नको ते भर गल्लीत बोलले होते, तेव्हा माफीही भर गल्लीतच मागेन, तुम्ही आलात तर, सगळ्यांना बोलावून. तिसरी गोष्ट अशी की उदयसिंहांना मी विचारलंय, दोन्ही शेडं एकत्र चालवायची म्हटलं तर मधल्या भिंतीत दार पाडू द्याल काय. ते म्हणाले, दोघांचा होकार असला तर पाडा. माझा आहे. आता पन्नाशीत असल्या गोष्टी आडवळणानं लिहायला मला वेळ नाही आणि येतही नाही, जे समजायचं ते समजा, आणि या वेळी शंका आली तर दारातनं परत जाऊ नका, विचारा. ज्ञानू उद्या हे पत्र घेऊन निघतोय आणि शनिवारी दुपारी मिरची घेऊन परत येतोय. त्याच्या हाती उत्तर पाहिजे. "बघू", "कळवतो", असलं काही चालणार नाही. हो तर हो, नाही तर नाही, शनिवारी, दिवस मावळायच्या आत.

तुमचीच,
धोंडुबाई